पणजीचं नाव काय?

खोली बघायला गेले तेव्हा मालकीणबाईंनी मला डिपॉझिटचं विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही, अंडी खातेस का हेसुद्धा विचारलं नाही. चष्मा कपाळावर सारला, मला दारातच उभं केलं आणि म्हणाल्या, "पणजीचं नाव काय?"

"कुणाच्या?"

"तुझ्या गं! माझीचं मला ठाऊक आहे. आईच्या आईच्या आईचं नाव सांग."

आता तुम्हीच सांगा, अंबडच्या कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी लागून मी सटाण्याहून आलेली. खांद्यावर बॅग, घामाने निथळलेली, गंगापूर रोडच्या साताठ गल्ल्या तुडवून टेकीला आलेली. मला काय ठाऊक पणजी? म्हटलं, "माहीत नाही हो."

"मग घरी फोन लाव. तोवर बस पायरीवर." आणि चक्क दार लोटून घेतलं!

मी पायरीवर बसून आईला फोन लावला. ती आधी हसली, मग भडकली. "तुले खोली जोयजे का पणजी जोयजे?" पण तिलाही खाज सुटली असणार. तिने मामाकडे फोन फिरवला, मामाने गावातल्या कुण्या म्हातारीला गाठलं, आणि अर्ध्या तासाने आईचा फोन आला. "दगडाबाई."

मी दारावर थाप मारून ओरडले, "दगडाबाई!" दार धाडकन उघडलं. त्या बाईचे डोळे असे लकाकत होते, जणू माझ्या पणजीने त्यांना स्वतः येऊन हाक मारली होती.

"दगडाबाई! म्हणजे तिच्या आधीची भावंडं वाचली नसणार. अगं, पोरं जगत नाहीत म्हटलं की असलीच नावं ठेवायचे. दगडू, धोंडू, ठगू. गोड नाव ऐकून काळ पुन्हा घरात शिरायला नको म्हणून. बघ, एका नावात केवढं कळलं! चल आत ये, चहा टाकते."

अशी मला खोली मिळाली. त्यांना काकू म्हटलेलं खपायचं नाही. "मी कुणाच्या काकाची बायको नाही आणि मामाचीही नाही. आत्या म्हण. आत्या व्हायला लग्न लागत नाही." त्यामुळे सगळी गल्ली त्यांना आत्याच म्हणायची, पेपरवाल्यापासून समोरच्या डॉक्टरांपर्यंत.

आत्यांची उभी हयात एका कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर गेली होती. त्यामुळे फोन म्हटला की त्या ओरडूनच बोलायच्या, समोरचा माणूस चांदवडच्या घाटापलीकडे असल्यासारखं. मोबाईल आला, व्हिडिओ कॉल आला, आत्यांचा आवाज काही खाली आला नाही. कूकरची शिट्टी झाली तर पलीकडच्याला "प्लीज होल्ड द लाईन!" म्हणून गॅस बंद करायला जायच्या. समोरच्या डॉक्टरांना आत्यांच्या घरची प्रत्येक बातमी औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता कळायची.

आणि बातम्या कुठल्या? अमेरिकेतल्या! त्याही आजच्या नव्हेत, पार दीडशे-पावणेदोनशे वर्षांमागच्या.

त्याचं असं झालं. आत्यांचे वडील रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. यात्रेकरू आला की गाव आणि आडनाव विचारायचं, त्याच्या घराण्याची वही काढायची आणि त्याचा पणजोबा कधी येऊन गेला ते दाखवायचं, हा त्यांचा पिढीजात उद्योग. आत्यांना वह्यांना हात लावायची मुभा नव्हती, मुलगी ना! पण पडवीत बसून ऐकायला कोण अडवणार? पोरवयातच त्यांना निफाडपासून नांदेडपर्यंतची घराणी तोंडपाठ झाली. पुढे वह्या भावाकडे गेल्या, भावाकडून पुतण्याकडे. आत्या नोकरीला लागल्या, रिटायर झाल्या, आणि पुतण्याने त्यांचं मन रमावं म्हणून एक जुना संगणक आणून दिला. बिचाऱ्याला वाटलं, आत्या भजनं ऐकेल.

आत्यांनी शोधून काढली एक वेबसाईट. जगभरची माणसं तिथे येऊन विचारतात, माझे पूर्वज शोधायला मदत करा हो. आणि जगभरचे रिकामटेकडे शोधून देतात. फुकट! आत्यांचा तर आनंद गगनात मावेना. पण त्यांनी नेमकी अमेरिकेची माणसं का धरली, विचारा.

"अगं, बैलगाडीने गेले!" त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. "अख्खी अमेरिका बैलगाडीने ओलांडली! मला वाटायचं ते लोक जन्मापासून विमानातच बसतात. गाडीवर कापड ताणलेलं, आत पिठाची पोती, मागे गाय बांधलेली, पोरं पायी. पाच-सहा महिने! घरदार विकून निघाले, पुढे काय आहे ते ठाऊक नाही. काय छातीची माणसं!"

"पण आत्या, तिथे आधीच राहणाऱ्यांच्या जमिनी घेतल्या ना त्यांनी?"

"घेतल्या. हिसकावल्याच म्हण. तेही लिहून ठेवते मी. वंशावळ सांगायची तर सगळीच सांगायची, निवडक नाही." आणि लगेच, "पण बैल गं! चार-चार जोड्या!"

स्वयंपाकघरात गॅसच्या वर अमेरिकेचा नकाशा चिकटवलेला. फोडणीचे डाग पडून त्याच्यात नवे डोंगर तयार झाले होते. पूर्वेपासून ओरेगॉनपर्यंत लाल दोरा ताणलेला, त्याला त्या 'यात्रेचा रस्ता' म्हणायच्या. एकदा त्यांनी वाचलं की ती मंडळी वाटेत मक्याचं पीठ खायची. झालं! आम्हाला दोघींना आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मक्याची भाकरी. मी कुरकुरले तर म्हणाल्या, "प्लॅट नदी ओलांडेपर्यंत हेच. पुढे बघू." प्लॅट नदी शनिवारी ओलांडली तेव्हा कुठे मला वरण-भात मिळाला.

अशात मार्था आली. म्हणजे तिचा निरोप आला. ओरेगॉनमधल्या एका लहान गावात राहणारी, ऐंशीच्या पुढची बाई. तिची पणजी हॅना. हॅनाचे आईबाप व्हिटलॉक आडनावाचे, त्याच बैलगाड्यांच्या यात्रेतून आलेले. मार्थाच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, अभिमानाचं होतं. पण त्याच तांड्यातल्या एका सहप्रवाशाची रोजनिशी कुणीतरी नुकतीच वेबसाईटवर टाकली होती आणि तिच्यात लिहिलेलं होतं, की व्हिटलॉकांची धाकटी हॅना पटकीने गेली, तिला आज प्लॅट नदीकाठी रस्त्यातच पुरलं. थडगं कुणी उकरू नये म्हणून वरून सगळ्या गाड्या हाकल्या.

मार्थाने विचारलं होतं: हॅना जर वाटेत गेली, तर मी कुणाची पणती?

तिच्या नात्यातली माणसं म्हणायला लागली होती की ओरेगॉनची हॅना म्हणजे कुणीतरी उचलून आणलेली अनाथ पोर असणार. म्हाताऱ्या मार्थाची झोप उडाली होती. आख्खा जन्म ज्या नावावर मान ताठ ठेवली तेच खोटं? आत्यांनी तो निरोप मला दोनदा वाचून दाखवला.

मग काय, आत्या पेटल्याच. जेवणखाण विसरल्या. ओरेगॉनची जुनी खानेसुमारी, लग्नाच्या नोंदी, चर्चची कागदपत्रं, सगळं उकरलं. आणि एके दिवशी मी कंपनीच्या बसमधून उतरते तर आत्या गल्लीच्या तोंडाशी पेढ्यांचा पुडा घेऊन उभ्या!

"हॅना जिवंत आहे!"

"काय?"

"मेलीच नव्हती पोर! ओरेगॉनला पोचल्यावरच्या खानेसुमारीत व्हिटलॉकांच्या घरात हॅना आहे. आई तीच, बाप तोच, मुलगी हॅना! तो रोजनिशीवाला चुकला. दुसऱ्याच कुणाचं तरी पोर गेलं असेल. गर्दीत काय कळतंय त्याला!"

"आत्या, ही दुसरी मुलगी असेल. नंतर झालेली."

त्यांनी माझ्याकडे अशी कीव करून पाहिलं! "अगं येडे, मेलेल्या लेकराचं नाव कुठली आई दुसऱ्या लेकराला ठेवील? तुझ्या पणजीचं नाव काय? दगडाबाई! का? ज्या नावाचं लेकरू गेलं, ते नाव घरात पुन्हा कुणी काढतसुद्धा नाही. हजारो घराणी ऐकली मी. एकात तरी आहे का असं?"

मी क्वालिटीची माणूस, मला माप जुळलेलं लागतं. म्हटलं, "पण वय? ही खूपच लहान लिहिलीय."

"बायकांची वयं कागदावर खरी कधी असतात? घे, पेढा घे."

सगळ्या गल्लीला पेढे वाटले. डॉक्टरांनी विचारलं, "कोण हॅना?" आत्या म्हणाल्या, "आमच्यातली पोर. हरवली होती, सापडली." डॉक्टर बिचारे घाबरून म्हणाले, "पोलिसांत कळवलं होतं का?"

मार्था तर रडलीच. सकाळी आमचे साडेसात म्हणजे तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ. ती सूप पीत बसलेली असायची आणि आत्या पोहे खात. ती इंग्रजीत बोलायची, आत्या बोर्डावरच्या इंग्रजीत, आणि अडलं की मी. मार्था म्हणाली, तुम्ही मला माझी पणजी परत दिलीत. तिच्या नातीला दिवस गेले होते, मुलगी होणार असं कळलं होतं. त्यांनी ठरवूनही टाकलं, मुलीचं नाव हॅना. मरणाच्या दारातून परत आलेली हॅना. आत्यांनी जुन्या मऊ साड्यांचं दुपटं शिवायला घेतलं. मी आत्यांना इतकं खुशीत त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुपटं शिवून कुरिअरने रवाना केलं, त्याच्या पुढच्या आठवड्यातली ती सकाळ. मार्थाने कॅमेरा फिरवून आम्हाला बाळाची खोली दाखवली. कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची होती, अगदी टीचभर, डुलणारी.

"ही मार्थाची खुर्ची," ती म्हणाली.

आत्या ओरडल्या, "तुमची? लहानपणची?"

"नाही, माझी नाही. पहिल्या मार्थाची. माझी थोरली बहीण. ती मी जन्मायच्या आधी गेली. मग मी झाले, तर आईने तिचंच नाव मला ठेवलं."

ती हे इतक्या सहज बोलली हो! सूप ढवळत. मी आत्यांकडे पाहिलं. हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला होता. आणि ज्या बाईने आयुष्यात कुणाची लाईन आपणहून तोडली नाही, तिने एक शब्द न बोलता फोन बंद केला.

"ठेवतात," आत्या म्हणाल्या. "ते लोक ठेवतात गं."

मला कंपनीची बस गाठायची होती, मी गाठली नाही. आत्या नकाशासमोर उभ्या. प्लॅट नदीवर बोट ठेवून. "म्हणजे ती तिथेच आहे. चाकांखाली. आणि मी पेढे वाटले."

मी खूप समजावलं. म्हटलं, आत्या, मार्था ओरेगॉनच्या हॅनाचीच पणती आहे ना? हॅना अनाथ नव्हती, त्याच आईबापांची होती, हे तर उलट पक्कंच झालं. मग राहू द्या की! ऐंशीच्या पुढची बाई, आनंदात आहे. कुणाचं काय बिघडतंय?

त्या अशा कडाडल्या की डॉक्टरांच्या दवाखान्याची खिडकी उघडली. "बिघडतंय! एक लेकरू रस्त्यात पडलंय आणि मी सांगत सुटलेय की ते नाहीच! वडील म्हणायचे, नावाची गफलत झाली की तर्पणाचं पाणी भलत्यालाच पोचतं. आणि आता त्या येणाऱ्या तान्हीला गेलेल्या पोरीचं नाव ठेवताहेत. माझ्यामुळे! माझ्या शब्दावर! काही बरंवाईट झालं तर?"

"आत्या, तुम्ही असलं मानता?"

"मी नाही मानत," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसून हमसून रडायला लागल्या. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, बाळ झालं. सुखरूप. तिकडच्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या सकाळी, सगळे जमून नाव जाहीर करणार. आत्या आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून फोनसमोर बसल्या. मला म्हणाल्या, "तू हात धर माझा."

फोन लागला. पलीकडे खोलीभर माणसं, फुगे, मार्थाच्या मांडीवर इवलंसं गाठोडं, आणि तेच दुपटं! कुरिअर कधी पोचलं देव जाणे. आत्यांनी सगळं सांगितलं. त्या पहिल्यांदाच फोनवर हळू बोलत होत्या. आमच्याकडे गेलेल्या लेकराचं नाव पुन्हा ठेवत नाहीत, म्हणून मी फसले. तुमची हॅना वाटेत खरंच गेली. पणजी ती दुसरी. मला माफ करा, आणि हे नाव ठेवू नका. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले.

मार्थाने बाळाभोवतीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "मला सुचायला हवं होतं. जन्मभर मी त्याच नावात राहतेय. पण तुम्ही इतक्या खात्रीने बोललात, आणि मला ते हवं होतं." डोळे पुसले. "माझी आई मला हाक मारायची ना, तेव्हा कधी कधी तिचा आवाज बदलायचा. ती आम्हा दोघींना बोलवायची. मला कधीच त्याचं वाईट वाटलं नाही. मी होते म्हणून त्या घरात तिचं नाव घेता येत होतं."

आत्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"हॅनाला रस्त्यात सोडून पुढे जावं लागलं," मार्था म्हणाली. "थांबता येत नव्हतं. नाव तेवढं बरोबर आणता आलं. आम्ही हेच नाव ठेवणार. पण आता दोघींसाठी. तुमच्याकडे नाव कोण ठेवतं?"

"आत्या," मी म्हणाले. "बाळाच्या कानात सांगते."

"मग सांगा."

अहो, काय सांगू! मार्थाने फोन बाळाच्या कानाशी नेला. आत्यांनी डोळे मिटले, पदर सावरला आणि नाशिकहून ओरेगॉनला, "कुर्रर्र... हॅना!" इतका हळुवार आवाज त्या गळ्यात होता हे मला ठाऊकच नव्हतं. बारशाला नाव ठेवलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, तेही मी घातले, दणदणीत! तिकडची माणसं आधी दचकली, मग टाळ्या पिटायला लागली. त्या दिवशी गल्लीत पुन्हा पेढे वाटले. डॉक्टरांनी काही न विचारता दोन घेतले.

काही महिन्यांनी मार्थाने फोटो पाठवला. त्यांच्या दफनभूमीत नवा दगड बसवला होता. वर दोन हॅना, एकीखाली एक. खाली दोन मार्था, दुसरीच्या पुढे शेवटच्या तारखेची जागा मोकळी. आत्या फोटो मोठा करकरून बघत राहिल्या. मग चहाचं आधण ठेवता ठेवता, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "आमच्याकडे कुमुद होती."

"कोण कुमुद?"

"माझी धाकटी बहीण. गोवराने गेली. मी असेन दुसरीत. आईने तिचे कपडे देऊन टाकले आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. वडिलांच्या वह्यांत सगळ्या महाराष्ट्राची माणसं होती गं. ती नव्हती. मुली लिहायचेच नाहीत." साखर टाकली, पुन्हा एकदा टाकली. "आज मी पहिल्यांदा बोलले बघ."

तो चहा भलताच गोड झाला होता. आम्ही दोघींनी प्यायला.

पुढे माझं लग्न झालं, मी इंदिरानगरला राहायला गेले, आणि मला मुलगी झाली. सासूबाईंनी मोबाईलमधून नावं काढली होती, नणंदेला 'कियांशी' फार आवडलं होतं. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. नणंद माझी भली, म्हणाली, "वहिनी, यंदा माझी जागा त्यांना दे."

बारशाला आत्या आल्या त्या पाहुण्या म्हणून. त्यांना मी काहीच कळवलं नव्हतं. पाळण्याशी बोलावलं, तेव्हा म्हणाल्या, "अगं, हिची आत्या इथे असताना मी कशाला?" मी त्यांच्या कानात नाव सांगितलं.

त्या पाळण्याची दोरी धरून तशाच उभ्या राहिल्या. बायका म्हणाल्या, अहो, सांगा ना! मग त्या वाकल्या. कुर्रर्र म्हणताना आवाज फुटेना. आणि मग एकदम, बोर्डावरचा तो जुना आवाज, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा: "कुमुद!"

पोर दचकून रडायला लागली. बायकांनी धपाट्यांचा पाऊस पाडला. सासूबाईंचा चेहरा जरा उतरला होता. धपाटे थांबल्यावर त्यांनी विचारलं, "जुनं नाव आहे हो. कुणाचं ठेवलं?"

"माझ्या बहिणीचं," आत्या म्हणाल्या.

"हो का? कुठे असतात त्या?"

आत्यांनी रडणाऱ्या माझ्या लेकीला पाळण्यातून उचलून छातीशी धरलं.

"आता इथेच," त्या म्हणाल्या.